बियाण्याचे सात वाफे

गोरी पोरगी दीड महिना घरात राहायला येणार हे कळल्यापासून गवराबाईंनी एकच धोशा लावला होता, "ती बसंल कशावर?"

ती खाणार काय, निजणार कुठं, बोलणार कुणाशी, यातलं काही त्यांच्या मनात आलं नाही. साहेबाच्या बायका खुर्चीवर बसतात एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि वस्तीवर खुर्ची नव्हती. शेवटी त्यांच्या थोरल्या लेकानं, भैरूनं, चाकणच्या सुताराकडून एक बुटकं स्टूल करून आणलं. पोरगी आली, पायातले बूट तिनं आपणहून उंबऱ्याबाहेर काढले, आणि थेट चुलीपुढं मांडी घालून बसली. पाय इतके लांब, की गुडघे दोन्ही बाजूंना उभेच राहिले. स्टुलावर तिनं आपली वही ठेवली.

"घ्या," भैरू म्हणाला, "वहीची सोय झाली."

तिचं नाव आनेके. हॉलंडच्या एका शेतकी शाळेत ती शिकत होती. त्या शाळेनं सहा पोरंपोरी हिंदुस्थानात धाडली होती. एकेकानं एकेका शेतकऱ्याच्या घरी दीड महिना राहायचं, घरच्यासारखं राबायचं, पाहिलं ते वहीत उतरवायचं आणि परत जाऊन मास्तरांपुढं मांडायचं. बोटीत अठरा दिवस काढून ती आली होती. भैरूचा धाकटा भाऊ आबाजी पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकायला होता. कांद्याचा मुलूख बघायचाय म्हटल्यावर त्यानं आपल्याच घराचं नाव पुढं केलं. छपन्न सालच्या जानेवारीतली ही गोष्ट.

आनेके हे नाव काही वस्तीच्या जिभेवर टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती अनका झाली आणि अनकाच राहिली.

भैरूच्या बायकोला, शालनला, ती पहिल्या दिवसापासून आवडली. शालनच्या मांडीवर तेव्हा सात महिन्यांची चिमी होती. परकं माणूस दिसलं की चिमी ओठ काढायची. अनकाकडं मात्र ती टक लावून बघत राहिली आणि मग तिनं तिचे पिवळे केस मुठीत धरले ते सोडेना. अनकाही सोडवून घेईना. डोकं खाली घालून तशीच बसली. पोरीची मूठ झोपेत आपोआप सुटली तेव्हा कुठं तिनं मान वर केली. लेकरापुढं ज्याला घाई नाही त्या माणसात खोट नसते, असं शालनच्या आईचं म्हणणं होतं, आणि शालनलाही ते पटलेलं होतं.

बोटीत अनका पुस्तकावरून मराठी शिकली होती. शब्द थोडे, पण धिटाई भरपूर. अडलं की हात चालायचे. घरात कोण कुणाला काय म्हणतं ते तिनं दोन दिवसांत उचललं. शालन सासूला आत्याबाई म्हणते, म्हणून हीसुद्धा म्हणायला लागली, "आत्याबाई, मी पाणी आणते."

गवराबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उठल्या. "अगं शालन, तिला सांग बाई, मला आत्याबाई म्हणू नको म्हणून. माझं धाकटं पोरगं अजून बिनलग्नाचं हाय. कुणी ऐकलं तर काय समजंल?"

शालनला इतकं हसू आलं की चिमीला पाजता पाजता तिला ठसका लागला. सांगणार कसं? अनका आत्याबाईच म्हणत राहिली, आणि चौथ्या दिवशी गवराबाई 'ओ' द्यायला लागल्या.

पहाटे उठावं, गोठा लोटावा, भैरू मोट हाकत असला की पाटाच्या कडेनं जाऊन वाफ्याची दारं धरावीत, यात तिला कमीपणा वाटत नव्हता. उलट रिकामं बसवलं की चेहरा उतरायचा. कमरेला कापडी टेप अडकवलेली असायची. वाफ्याची लांबी मोजायची, भाकरीचा घेर मोजायची, एकदा तर उभ्या बैलाचं शिंग मोजलं. प्रत्येक गोष्टीचं तिला 'का' पाहिजे असायचं. शेण भिंतीला का थापता? मिरची उन्हात का, आणि लसूण सावलीत का? शालन तिला जमेल तसं सांगायची. आणि सांगताना तिच्या ध्यानात यायचं की आपल्याला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं.

नेमकी एक गोष्ट अनकाला कुणी सांगितली नाही. चुलीला चूल म्हणतात हे कोण कुणाला सांगत बसतं?

विहिरीच्या वरच्या अंगाला शालनचे सात वाफे होते.

शालनचं माहेर खेडच्या पलीकडं. तिच्या आईकडचा कांदा ठेंगणा, गडद लाल, मानेला बारीक. लग्नात आईनं त्याचं चिमूटभर बी तिच्या पदराला गाठ मारून दिलं होतं. सासरचा कांदा मोठा, पाणीदार, दिसायला राजबिंडा. पण भादव्यात वखारीत शिरायचं तर नाकाला पदर लावावा लागायचा. माहेरचा दिवाळीपर्यंत दगडासारखा टणक राहायचा. हे शालन कधी बोलली नाही. सासरच्या कांद्याला नावं ठेवली काय आणि सासरच्या माणसांना ठेवली काय, ऐकणाऱ्याला सारखंच. तिनं नुसतं ते बी जगवलं. आधी परसात, मग बांधाच्या कडेला, मग एका वाफ्यात. चार वर्षांनी गवराबाईच एकदा दिवाळीत तो कांदा हातात घेऊन, दाबून, वास घेऊन म्हणाल्या, "राहतो बाई."

तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. खालचा सबंध मळा या बियानं करू या का?

गवराबाईंनी बोली केली. "पायलीभर बी काढून दाखव, मोजून चार शेर. भरली पायली, तर खालचा मळा तुझ्या बियाचा. न्हाई भरली, तर माझ्या भावाकडनं येतं तेच बी लागंल. मग पुन्हा हा इशय काढायचा न्हाई."

म्हणून यंदा सात वाफे. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावलेले, त्यातून हिरवे पोकळ दांडे वर आलेले, आणि दांड्याच्या टोकाला गोंडे. गोंडा फुलायचा, त्यात बी धरायचं, ते चैत्राच्या तोंडाला काळं होऊन झडायला लागायचं. चिमीला कडेवर घेऊन शालन रोज एकदा त्या वाफ्यांतून फिरून यायची. काम काही नसायचं. नुसतं बघून यायची.

संक्रांतीच्या चार दिवस आधी आबाजीनं अनकाला चाकणच्या बाजारात नेलं. तिथं एक व्यापारी कांद्याच्या ढिगातून काही कांदे भराभरा बाजूला फेकत होता. "हे का?" अनकानं विचारलं. आबाजीनं सांगितलं, याला डेंगळा आलाय, म्हणजे फुलाचा दांडा. फुलानं कांद्यातला जीव ओढून घेतला. आतून पोकळ, टिकत नाही, कुणी घेत नाही. अनकानं मान हलवली, जणू ही गोष्ट तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होती, आणि वहीत उतरवून घेतली.

भोगीच्या दिवशी तिनं तीळ लावलेल्या बाजरीच्या तीन भाकरी खाल्ल्या. लोणी, वांगी, घेवडा, पावट्याची मिसळीची भाजी, सगळं दोनदा मागून घेतलं. संक्रांतीला सकाळी पोट धरून बसली. "भोगी भोगते पोरगी," भैरू म्हणाला. गवराबाईंनी तिला ओवा चावायला दिला आणि निजवून ठेवलं. सासू-सून नव्या बांगड्या भरून, सुगडं घेऊन, चिमीला काजळाची तीट लावून चक्रेश्वराच्या देवळात ववसायला गेल्या. भैरू मेव्हण्याकडं गेला होता. वस्तीवर अनका एकटी.

शालन परतली ती ऊन कलायला लागल्यावर. गवराबाई तिळगूळ द्यायला गावातच नात्यातल्या घरी मागं राहिल्या होत्या. चिमी खांद्यावर झोपली होती. वाटेत जो भेटेल त्याला शालननं तिळगूळ दिला होता, पंचवीस तोंडांना 'गोड बोला' म्हटलं होतं, आणि अनकाच्या वाटणीचा लाडू पदराच्या गाठीला ठेवला होता. विहिरीवरून वळली, आणि तिला आपले वाफे बोडके दिसले.

अनका सहाव्या वाफ्यात मधोमध ओणवी होती. दोन बोटांनी गोंड्याची मान धरायची, अंगठ्यानं कट् मोडायची, डाव्या हातात घ्यायची. हात इतका सरावाचा, की पातीला धक्का नाही, दांडा हेलकावत नाही. बांधावर पाटी, पाटीत गोंड्यांची शीग. शालनला बघताच ती उठून उभी राहिली. तोंडभर हसली. हात हिरवे झाले होते.

"वहिनी, पोट बरं," ती म्हणाली. "काम केलं. आता कांदा मोठा."

शालन बांधावर बसली. साडेपाच वाफे गेले होते. दीड उरला होता. घशात जे शब्द गोळा झाले ते तिचे तिलाच नवे होते; तिच्या आजीच्या तोंडचे असावेत. ते जिभेच्या टोकापर्यंत आले आणि थबकले. आज संक्रांत. सकाळपासून ज्या तोंडानं गोड बोला म्हणत फिरले, त्याच तोंडानं हे बोलायचं?

तिनं पदराची गाठ सोडली. लाडू अनकाच्या हिरव्या तळव्यावर ठेवला. "तिळगूळ घे," म्हणाली. पुढचं काही तिला म्हणता आलं नाही.

अनकाचं हसू हळूहळू उतरलं. तिनं शालनकडं बघितलं, वाफ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. काहीतरी मोडलंय एवढं तिला कळलं. काय, ते कळेना. लाडू तिनं तोंडात घातला नाही.

संध्याकाळच्या एस.टी.नं आबाजी पुण्याहून सणाला घरी आला आणि त्याच्यापाठोपाठ गवराबाई. शालन चुलीपुढं गोंडे निवडत बसली होती. टाकायचे कशाला? कोवळे होते, भाजी झाली असती. गवराबाईंची नजर पाटीवर गेली.

"एवढं गोंडे? कुणी खुडलं?"

शालननं खालच्या मानेनं पुढचा गोंडा उचलला. बोलली असती तर म्हणाली असती, मीच. तसं ठरवूनही झालं होतं तिचं. पण अनका दाराशी उभी होती, ती पुढं झाली. "मी."

मग आबाजीनं तिला इंग्रजीत सांगितलं, हे वाफे कसले होते. सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. अनका ऐकता ऐकता भिंतीला टेकली. मग आत गेली आणि आपल्या पेटीतून एक फोटो घेऊन आली. सपाट जमीन, क्षितिजापर्यंत फुलंच फुलं, आणि रांगेत ओणवी माणसं. एका पाण्याच्या चराच्या कडेला खुडलेल्या फुलांचा ढीग, माणसाच्या कमरेएवढा.

"हे तिच्या वडिलांचं रान," आबाजी सांगू लागला. "तिकडं एक फूल असतं. त्याचा कांदा असतो, आपल्या कांद्यासारखाच. ते लोक कांदा विकतात. फूल ठेवलं तर कांदा वाढत न्हाई, म्हणून फूल उमललं रे उमललं की खुडून टाकतात. ही पाच वर्षांची असल्यापासनं खुडतीया. तिला वाटलं तुमी सणाला गेलात, फुलं वाढत चाललीत, कांदा वाया जाईल. म्हणून आजारातनं उठून गेली."

गवराबाईंनी फोटो दिव्याजवळ धरला. "एवढी फुलं? टाकून देत्यात? देवाला तरी घालायची."

"त्यांच्यात हार घालत न्हाईत, आई."

"मग असंच व्हायचं," गवराबाई म्हणाल्या. त्यांनी फोटो परत केला आणि अनकाकडं बोट केलं. "आज संक्रांत हाय म्हणून गप बसते. उद्या किंक्रांत. उद्या बोलते तुला."

भाजी मात्र त्यांनी दोनदा घेतली. शालननं लसूण फोडणीला टाकून, वर तिळाचं कूट घातलं होतं. "भाजी बाकी झ्याक झाली," गवराबाई म्हणाल्या आणि लगेच आपण असं म्हणायला नको होतं असं तोंड केलं. मेव्हण्याकडून परतलेला भैरू खाली मान घालून जेवत राहिला. हसला असता तर त्याची खैर नव्हती.

किंक्रांतीला सकाळी गवराबाईंनी दिलेला शब्द पाळला. दिवस कासराभर वर येईतो त्या बोलत होत्या. परक्या रानात विचारल्याबिगर पाऊल टाकू नये, फूल मोडणाऱ्याचा हात आणि पोर रडवणाऱ्याचा हात एकच, पुस्तकं वाचून शहाणपण येत असतं तर आबाजीला कधीच आलं असतं, असं बरंच. अनका हात बांधून समोर उभी. गवराबाई दम घ्यायला थांबल्या की आबाजी इंग्रजीत चार शब्द बोलायचा. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर अनका शालनकडं वळून मराठीत म्हणाली, "आत्याबाई पुष्कळ बोलतात. आबाजी थोडं सांगतो."

भैरूला आता राहवलं नाही. तो गोठ्यात पळाला. गवराबाईंच्याही तोंडाचा कोपरा हलला. पण त्यांनी तो पदरानं झाकला.

"आता ऐक," त्या शालनला म्हणाल्या. "दीड वाफा राह्यलाय. त्याला बाभळीच्या काट्या लाव. ही पोरगी त्याच्या आसपास दिसता कामा न्हाई."

तेव्हा अनका आबाजीशी भराभरा बोलू लागली. हातानं काहीतरी पुसल्यासारखं करून दाखवू लागली. आबाजी ऐकत होता, मधेच विचारत होता. मग म्हणाला, "वहिनी, ती म्हणती, त्यांच्याकडं एखाद्या फुलाचं बी पाहिजे असलं तर ते माश्यांवर सोडत न्हाईत. फूल उमललं की मऊ कापडानं एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावतात. गोंड्यात फुलं शंभर असतात, पण बी सगळ्यांत धरत न्हाई. असं केलं की जास्त धरतं. तिला राहिलेला दीड वाफा करू द्या म्हणती. रोज करीन म्हणती, जाईपर्यंत."

"काय बिशाद!" गवराबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण वाफं शालनचं हायत. तिचं तिनं ठरवावं."

सगळे शालनकडं बघू लागले. तिला ते नको होतं. काट्या लावणं सोपं होतं. काट्या लावल्या की पुढं काही झालं तरी दोष तिच्या माथी नव्हता. दीड वाफ्यात एक शेरही बी निघणं मुश्कील. पायली तर कालच गेली होती. आणि या पोरीच्या हाती उरलंसुरलं दिलं आणि तेही गेलं, तर पुढच्या सालचं चिमूटभरसुद्धा उरणार नाही. आईच्या हातचं बी. चार वर्षांचं.

चिमी तिच्या कडेवरून अनकाकडं झेपावत होती. पण लेकराचं काय, ते कुठंही झेपावतं. शालननं अनकाच्या हातांकडं बघितलं. नखांत अजून हिरवं होतं. काल वाफ्यात तिनं ते हात चालताना पाहिले होते. शेकडो गोंडे मोडले होते तरी एक पात मोडली नव्हती. चूक केली, पण कामात कसर नव्हती.

"पहिल्या दिवशी मी बसंन बघत," शालन म्हणाली. आत जाऊन तिनं चिमीचं धुऊन धुऊन मलमलीगत झालेलं एक दुपटं फाडलं आणि अर्धं तिला दिलं.

त्या दिवसापासून सकाळची न्याहारी झाली, दव सुकलं, की दोघी वाफ्यात. अनका दुपट्याचा तुकडा हाताला गुंडाळायची आणि गोंड्यावरून असा फिरवायची, जसं नुकत्या न्हालेल्या लेकराचं डोकं पुसावं. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, त्यावरून पलीकडच्यावर. पहिल्या दिवशी शालन बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं दुपट्याचा उरलेला अर्धा तुकडा आपल्या हाताला गुंडाळला. चिमीची झोळी बांधाच्या लिंबाला टांगलेली असायची. ती कुरकुरली की जी जवळ असेल ती झोका देऊन यायची.

पाणवठ्यावर बातमी जायला वेळ लागला नाही. शेजारची सोजराबाई मुद्दाम वाट वाकडी करून बघायला आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं शालन, फुलांना हळद लावताय व्हय? मग मांडव कुठं हाय?"

"तुमी करवली म्हणून या, मग घालू मांडव," शालन म्हणाली.

अनकाला हळदीचं कळलं नाही. संध्याकाळी शालननं तिला करून दाखवलं, नवरीला हळद कशी लावतात ते. पाटावर चिमीला बसवून तिच्याच गालाला लावली. अनकानं ते सगळं वहीत लिहून घेतलं. मग एकदम विचारलं, "वहिनी, तुमचं लग्न, रडलात?"

"रडले की."

"मी पण. बोटीत. पहिले तीन दिवस." तिनं बोटं दाखवली, तीन. "इथं संक्रांतीला एक. मग नाही."

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गोंडे भरत आले. खुडलेल्या साडेपाच वाफ्यांतही काही कांद्यांनी उशिराचे दांडे वर काढले, चार इथं, पाच तिथं. अनकानं तेही सोडले नाहीत. जायच्या आदल्या रविवारी ती आबाजीला आपला अहवाल वाचून दाखवत होती, आणि आबाजी घरच्यांना सांगत होता. पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं, की मी यजमानांचे साडेपाच वाफे बियाणं मोडलं.

"अगं, हे कशाला लिवलंस?" गवराबाई कळवळल्या. "मास्तर मार्क कमी करंल! खोड ते आबा, खोड. भाकरीचं लिव म्हणावं पहिल्या पानावर."

अनकानं मान हलवली. तिचं म्हणणं आबाजीनं सांगितलं: बाकी सगळं पुस्तकात सापडेल, हे सापडणार नाही. आमच्याकडं फूल म्हणजे कांद्याचा चोर, इथं फूल म्हणजे पुढचं वर्ष. हे मला एवढ्या लांब येऊन, हातानं मोडल्यावर कळलं.

"शिकायची ही कोणती तऱ्हा," गवराबाई पुटपुटल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच चाकणहून खण आणवला. अनकाची ओटी भरली. तिच्या झग्याला पदर नव्हता, म्हणून शालनचं लुगडं तिला नेसवलं, ते घोट्याच्या वर आखूड झालं. गहू, नारळ, हळकुंड. "सुखी ऱ्हा," गवराबाई म्हणाल्या, "आणि दुसऱ्याच्या रानात आधी इचार."

"हो, आत्याबाई," अनका म्हणाली आणि खाली वाकली. टांग्यात बसेपर्यंत ती ठीक होती. मग चिमीनं तिचे केस धरले.

चैत्र लागला. गोंडे पिवळे पडले, आत काळे ठिपके दिसू लागले. शालननं ते विळ्यानं अलगद कापले, ताटात वाळवले, हातानं चोळले, सुपात पाखडले. भैरू माप घेऊन आला. त्यालाही उत्सुकता होती, पण ती तो विडीत लपवत होता. गवराबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

शेराचं माप भरलं. शीग चढली. दुसऱ्यांदा अर्ध्याच्या वर आलं आणि सूप रिकामं झालं.

दीड शेर. दीड वाफ्यातून आणि काही उशिराच्या दांड्यांतून दीड शेर. भैरूनं मापाकडं बघितलं, मग आईकडं. "साताचे सातही ऱ्हाते," तो म्हणाला, "तर पायलीवर गेलं असतं, आई."

"ऱ्हायलं न्हाईत पण," गवराबाई म्हणाल्या. "पायली न्हाई भरली."

"न्हाई भरली," शालन म्हणाली.

ती सूप आवरायला लागली. वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिच्या मनात होतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं. संक्रांतीच्या संध्याकाळी तिनं मूठभरच हिशेबात धरलं होतं. बी भरदार होतं, काळं कुळकुळीत, बोटांतून वाळूसारखं सरसरत होतं. हे परसात पुन्हा लावता येईल. आणखी दोन वर्षं लागतील. विषय काढायचा नाही एवढंच, लावायचं नाही असं थोडंच ठरलंय.

"बोली म्हंजी बोली," गवराबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "खालचा मळा माझ्या भावाच्या बियाचा."

"व्हय, आत्याबाई."

"पण दीड शेर बी परसात लावून काय कोंबड्यांना घालायचंय? इहिरीजवळचा तुकडा मोकळा हाय. मोटंचं पहिलं पाणी तिथंच मिळतं. त्याची काय बोली झाली नव्हती आपली."

शालनच्या हातातलं सूप तसंच राहिलं. विहिरीजवळचा तुकडा म्हणजे घरातली सगळ्यात काळी माती. "किती?" तिनं विचारलं.

"दहा गुंठे."

"दीड शेराला दहा गुंठे कमी पडतील, आत्याबाई. रोप वाया जाईल."

"बारा."

"पंधरा तरी."

"बघा, बघा," गवराबाई भैरूला म्हणाल्या, "इशय काढायचा न्हाई म्हणलं, तर ही गुंठं काढायला लागली. बारा. आणि शेणखत तुझं तू वाहायचं."

"वाहते की," शालन म्हणाली.

शेणखत उन्हाळ्यातच पडायला हवं, म्हणून तुकडा त्याच दिवशी आखून घ्यायचं ठरलं. ऊन उतरल्यावर तिघंही विहिरीवर गेली. भैरूनं एका टोकाला दगड ठेवला आणि टांगा टाकत निघाला, मोजत. चिमीला कडेवर घेऊन शालन त्याच्या बाजूनं चालत होती.

"अवं, टांग जरा लांब टाका की," ती हळूच म्हणाली.

"आई बघतीया."

"म्हणून तर हळू सांगते."

भैरूनं टांग लांब टाकली.

"भैरू!" विहिरीच्या कठड्यावरून गवराबाई ओरडल्या. "नीट चाल! बैलाची गोण पडली काय पायावर?"

"ढेकळं हायत आई, ढेकळं!" भैरू ओरडला, आणि पुढची टांग त्यानं आणखी लांब टाकली. शालननं पदर तोंडाशी धरला. दुसरा दगड जिथं पडला तिथं बारा गुंठे होते की तेरा, हे पुढं कुणी मोजलं नाही.